पिवळ्या पानांचा भुईमूग

मार्च उतरणीला लागला की बारामतीच्या हवेत एक कोरडा, गोडसर वास उरतो. कारखान्यांचे हंगाम आटोपत आलेले असतात, उसाच्या गाड्या विरळ होतात आणि रस्त्याकडेला सांडलेलं पाचट टायरखाली चुरचुरतं. शाळांच्या परीक्षा चालू असतात. आमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मात्र याच दिवसांत गर्दी वाढायला लागते. रब्बीची रानं मोकळी झालेली असतात, आणि पुढच्या पेरणीआधी आपली माती काय म्हणते ते लोकांना जाणून घ्यायचं असतं. कुणी दुधाच्या पिशवीत माती आणतं, कुणी जुन्या उशीच्या अभ्र्यात. मागच्या आठवड्यात एक बाई नातीच्या शाळेच्या डब्यात घेऊन आल्या होत्या. डब्यावर फुलपाखरू होतं आणि आत माळेगावकडची काळी, चिकट माती. मी त्यांचं नाव लिहिलं, गट नंबर लिहिला, डबा रिकामा करून परत दिला.

रविवारी मी शेळगावला जाते, आईकडे. वाटेत उन्हाळी भुईमुगाचे पट्टे लागतात. ऊस, ऊस, पुन्हा ऊस, आणि मधेच एखादा बुटका हिरवा चौकोन. जवळ गेलं तरच फूल दिसतं, इतकं ते लहान. सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत कोमेजतं. मग त्याच्या बुडातून एक बारीक आरी निघते, खाली वळते, जमीन शोधते आणि आत शिरते. तिथं अंधारात शेंग धरते. वर कितीही डौलदार झाड दिसलं, तरी खाली माती कशी आहे त्यावर सगळं ठरतं. हे मी प्रशिक्षणाच्या कार्यक्रमांतून शेकडो शेतकऱ्यांना सांगितलं आहे. माझ्या वडिलांनाही सांगितलं होतं.

त्यांना आम्ही आबा म्हणायचो. भवानीनगरला साखर कारखान्यात ते फिटर होते. मिल हाऊसमध्ये सारी हयात गेली. तिथल्या आवाजानं त्यांचे कान हळूहळू गेले. घरात ते मोठ्यानं बोलायचे आणि आम्ही त्यांच्याशी त्याहून मोठ्यानं. कॉलनीतल्या आमच्या खोलीतलं एकही बोलणं शेजारी ऐकू गेलं नाही असं झालं नसेल. माझी दहावीची टक्केवारी, आईचं दुखणं, माझ्या लग्नाची बोलणी, सगळं भिंतीपलीकडे माहीत.

शेळगावची दीड एकर जमीन त्यांनी नोकरीत असतानाच घेतली होती. आमच्या घराण्यात जमीन घेणारा तो पहिला माणूस. वरच्या अंगाची चांगली रानं कुणी विकत नव्हतं, निदान आम्हाला तरी नाही. मिळाली ती कालव्याच्या खालची, सखल. आधीच्या मालकानं तिच्यात उसामागून ऊस घेतला होता आणि पाणी असं सोडलं होतं की जमिनीला श्वास घ्यायला उसंत नाही. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी खपली फुलायची. चालताना ती पायाखाली कुरकुरायची. लहानपणी मी बोट लावून चाखलं होतं. खारट, आणि मागाहून कडवट.

आबांना ऊस नको होता. "आयुष्यभर उसाचाच आवाज ऐकला," ते म्हणायचे. "आता जरा गप बसणारं पीक घिऊ." त्यांना भुईमूग हवा होता, आणि तोही उन्हाळी. नोकरीत असताना ते कधी जमलंच नाही, कारण भुईमूग पेरायच्या दिवसांत कारखाना दिवसरात्र चालायचा. गळीत संपेपर्यंत फिटरला रजा मागायची सोय नव्हती. तोवर रान वाटेकऱ्याकडे असायचं आणि तो ऊसच लावायचा. त्यामुळे निवृत्तीनंतरच्या पहिल्या जानेवारीची त्यांनी दिवस मोजून वाट पाहिली होती.

भुईमूगच का, ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांची आई, माझी आजी, दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचायला जायची. मालकानं भुईमूग काढून नेला की मातीत चुकून राहिलेल्या शेंगा. पण मालकानं हात केल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही, असा रिवाज. बायका बांधावर बसून राहायच्या, सकाळपासून. कधी मालकाला आठवण राहायची नाही. एकदा आबा, तेव्हा सहा-सात वर्षांचे, न विचारता आत शिरले आणि ओंजळभर शेंगा घेऊन आले. आजीनं त्या त्यांच्याकडून परत नेऊन टाकायला लावल्या. "ती रागावली न्हवती," आबा म्हणाले. "घाबरली व्हती. मला राग चालला असता." एवढं बोलून ते उठले आणि नळाखाली हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

त्या जानेवारीत ते एसटीनं बारामतीला आले. हातात कापडी पिशवी होती, तोंड सुतळीनं बांधलेलं. मी शिकवलं होतं तसं त्यांनी सगळं काटेकोर केलं होतं. रानात आठ-दहा जागी खड्डे घेऊन, बाजूची माती खरवडून, सगळी एकत्र कालवून, तिचे चार भाग करून, समोरासमोरचे दोन टाकून देत देत अर्धा किलो उरवली होती. आत वहीचा कागद होता. त्यावर फिटरच्या ठसठशीत अक्षरात: नाव, गाव, मागील पीक ऊस, पुढील पीक भुईमूग.

"घाई न्हाय," ते म्हणाले. "पर पेरायच्या आधी सांग म्हंजी झालं."

"आठवड्यात सांगते आबा," मी म्हणाले.

ते चहा प्यायले, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चारच्या गाडीनं परत गेले. पिशवी मी स्वयंपाकघराच्या दाराआड ठेवली. दुसऱ्या दिवशी न्यायची म्हणून.

मुलीचं दहावीचं वर्ष होतं. सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. प्रयोगशाळेत दोघींचं काम मी एकटी करत होते, कारण दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. ही कारणं खरी आहेत. पण त्याच आठवड्यांत मी अनोळखी माणसांचे ढिगानं नमुने तपासले. त्यांच्या पिशव्यांना नंबर होते, तारखा होत्या, ते काउंटरवर येऊन उभे राहायचे आणि आवाज चढवायचे. आबा आवाज चढवणार नव्हते. घरच्या माणसाचं काम मागे ठेवता येतं, तो समजून घेतो. दाराआडच्या त्या पिशवीला रोज झाडू लागायचा. मी ती उचलायचे, खाली झाडायचे आणि परत तिथंच ठेवायचे.

त्यांचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी सांगितलं, होईल. तिसऱ्यांदा आला तेव्हा जानेवारी संपला होता. मी मुलीला गणित समजावत होते आणि कुकरची शिट्टी होत होती.

"नंदा, बी आणून ठिवलंय," ते म्हणाले. "पेरू का थांबू?"

"पेरा हो आबा," मी ओरडून म्हणाले. "रिपोर्टचं मागाहून बघू."

"खत-बित काय?"

"नेहमीचंच टाका. नंतर सांगते."

माती तपासणाऱ्या बाईनं बापाला एवढंच सांगितलं.

आबांच्या हाताशी नवा फोन होता. ऐकू कमी यायचं, पण त्यावर चित्रं दिसायची आणि खाली अक्षरं धावायची, म्हणून तो त्यांना आवडायचा. कुठल्याशा डोंगराळ, लाल मातीच्या मुलखातला एक शेतकरी त्यावरच्या एका व्हिडिओत सांगत होता, की जमीन आम्लधर्मी झाली, म्हणजे आंबट झाली, की भुईमुगाची शेंग पोचट राहते. अशा जमिनीत चुना मिसळला की आंबटपणा मरतो आणि शेंगा भरतात. तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या मातीपुरतं ते अगदी खरं होतं. भरपूर पावसाच्या लाल जमिनी खरोखर आंबट असतात आणि चुन्यानं सुधारतात. आमच्या इंदापूरकडची गोष्ट नेमकी उलट. पाऊस थोडा, कालव्याचं पाणी फार, आणि खाली साचलेले क्षार. इथली जमीन बिघडते ती खारी होऊन, चोपण म्हणजे पाणी न मुरणारी होऊन. तिला चुना द्यायचा नसतो.

पण आबांनी चुना ओळखला. कारखान्यात उसाच्या कच्च्या रसात चुन्याचं दाट पाणी घालतात. त्यानं रसाचा आंबटपणा जातो, गाळ खाली बसतो आणि रस निवळतो. ते त्यांनी उभ्या आयुष्यात रोज पाहिलेलं. "रसातला आंबटपणा मरतो, मंग मातीतला का न्हाय मरणार?" ते आईला म्हणाले होते. इतकी वर्षं युरिया पडलेलं उसाचं रान आंबलं असणार, असा त्यांनी हिशेब केला. तो चुकीचा होता, पण वेड्याचा नव्हता. समोर कागद असता तर त्यांनी तो केलाच नसता.

त्यांनी चुन्याच्या गोण्या आणल्या, तोंडाला पंचा बांधून स्वतःच्या हातानं दीड एकरभर चुना सारखा फेकला आणि वखर घातला. आई सांगते, त्या दिवशी ते घरी आले ते भुवयांपासून पायांपर्यंत पांढरे होऊन. आणि हसत होते.

उगवण चांगली झाली. चार पानांपर्यंत सगळं ठीक. मग एके सकाळी आईचा फोन आला.

"नंदे, पानं हळद लावल्यागत झाल्यात गं. नवी येत्यात ती पिवळीच येत्यात."

"शिरा हिरव्या आहेत का आई? पान पिवळं आणि शिरा हिरव्या?"

बहुतेक पान हातात घेऊन पाहत असावी. "व्हय," ती म्हणाली. "शिरा हिरव्या हायत्या."

मला तेव्हाच कळलं. फोन ठेवून मी दाराआडची पिशवी उचलली.

सोमवारी सकाळी, प्रयोगशाळेत कुणी यायच्या आत, मी आबांची माती तपासली. पाण्यात ढवळून ठेवली, यंत्राची काडी आत सोडली आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघत उभी राहिले. सामू, म्हणजे पीएच, साडेआठच्या वर गेला. सातच्या खाली असता तर जमीन आंबट. ही अगदी दुसऱ्या टोकाला, सोडियमनं भरलेली, आणि तिच्यात चुनखडी मुळातच जास्त. हा आकडा चुना पडायच्या आधीच्या मातीचा होता. आता रानात काय असेल ते सांगायला यंत्र लागत नव्हतं. अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळं पान पिवळं पडतं, मग पांढुरकं, मग कडेनं जळतं. तपासायला मला एकूण एक सकाळ लागली होती.

रविवारपर्यंत मी थांबू शकले नाही. रजा टाकून शेळगावला गेले. आबा रानातच होते, वाफ्याच्या कडेला उकिडवे बसलेले. दीड एकर पिवळं. उन्हात ते सुंदर दिसत होतं, लांबून कुणाला वाटलं असतं फुलोरा आहे. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी एक झाड उपटून माझ्या हातात दिलं, जसं कारखान्यात घासलेलं बेअरिंग साहेबाच्या हातात देत असतील.

मुळाच्या मातीत चुन्याचे पांढरे कण होते.

"चुना टाकला का आबा?"

"आँ?"

"चुना!"

"व्हय. लई न्हाय. सारखा टाकला."

मग मला सांगावं लागलं. आणि त्यांना ऐकू यावं म्हणून ओरडून सांगावं लागलं. बाजूच्या रानात यासीनभाई पाणी धरत होते. त्यांनी मान वर केली. वरच्या बांधावर खुरपणाऱ्या बायका थांबल्या. मी ओरडत होते, आबा, जमीन आंबट नव्हती. जमीन खारी आहे. चुन्याची गरज नव्हती. चुन्यानं उलट झालं. प्रत्येक वाक्य दोनदा. बापाची चूक मी साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली.

माझी सांगायची होती ती मात्र हळू निघाली. "रिपोर्टला उशीर झाला," मी म्हणाले. झाला. आपोआप झाल्यासारखा.

ते त्यांना ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मातीकडे.

"तुला बी काम लई असतं," ते म्हणाले.

झाडाला लोह मिळावं म्हणून आम्ही हिराकस फवारलं. चार-सहा दिवस पानांवर हिरवी झाक यायची आणि पुन्हा जायची. फुलं आली, थोडी. आऱ्या सुटल्या, पण वरची माती सिमेंटसारखी बसली होती. कितीतरी आऱ्या तिला टेकल्या आणि टोकं वाळून तशाच लोंबत राहिल्या. मेमध्ये काढणी केली. यासीनभाई मदतीला आले होते. ते आबांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, शेजारच्या दोन एकरांचे मालक, गावात त्यांच्या भावाचं किराणा दुकान. झाडं उपटली की मुळाशी तीन-चार शेंगा, त्याही दाबल्या की बसणाऱ्या. आबा एकेक शेंग फोडून आत बघत होते. सुरकुतलेला, तांबूस, गव्हाएवढा दाणा. असा दाणा दिसला की ते तो खायचे. टाकून देत नव्हते.

त्या संध्याकाळी अंगणात बसून ते मला म्हणाले, "आता काय करायचं ते सांग. तू सांगशील तसं. एक कानामात्रा इकडंतिकडं करायचा न्हाय."

मी सगळं सांगितलं, आणि यावेळी लिहून दिलं. रानाच्या खालच्या अंगाला खोल चर काढायचा, म्हणजे साचलेलं खारं पाणी ओढ्याकडे निघून जाईल. मग जिप्सम मातीत मिसळायचं. तेही पांढरंच असतं, दिसायला चुन्यासारखं, पण सोडियमला मातीतून हुसकून लावणारं. कारखान्याची कुजवलेली मळी टाकायची. पावसाळ्यात धैंचा, हिरवळीच्या खताचं पीक, पेरायचा आणि फुलावर यायच्या आत गाडायचा. चर ओढ्यापर्यंत न्यायला यासीनभाईंच्या रानातून वाट लागत होती. आबा विचारायला संकोचत होते. यासीनभाई स्वतःच फावडं घेऊन आले. "माझ्या बांधाखालनं न्या," म्हणाले. "माझं बी पाणी उतरंल की."

त्या पावसाळ्यातला आबांचा धैंचा मला अजून दिसतो. पुरुषभर उंच, दाट, वाऱ्यावर सळसळणारा. आयुष्यात त्यांनी काढलेलं तेच एक डौलदार पीक, आणि तेही गाडायचं. ट्रॅक्टर आत शिरला तेव्हा ते बांधावर उभे होते. हिरवं मोडून मातीत जात होतं आणि ओला, कच्चा वास सुटला होता. मी म्हणाले, "वाईट वाटतंय का आबा?" त्यांना ऐकू गेलं नाही. मी परत विचारलं नाही.

पुन्हा जानेवारी आला. त्यांनी पुन्हा नमुना आणला, आणि मी तो त्याच दिवशी तपासला. पाठोपाठ दुसऱ्यांदा, खात्रीसाठी. सुधारणा होती, पण पुरेशी नव्हती. सामू उतरला होता, क्षार अजून भुईमुगाला जड गेले असते. मी आकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "आबा, या वर्षी नको. अजून एक पावसाळा जाऊ द्या. आणखी एकदा धैंचा गाडा. पुढच्या वर्षी पेरा, मी स्वतः येते."

त्यांनी कागद उजेडात धरून वाचला. "म्हंजी औंदा न्हाय."

"नाही. घाई करू नका."

"बरं," ते म्हणाले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

सल्ला बरोबर होता. आजही कुणी तेच आकडे आणून दिले तर मी तेच सांगेन. त्या वर्षी रान मोकळं राहिलं. त्यांनी पालापाचोळा कुजवला, चर साफ ठेवला, पावसाळ्यात दुसरा धैंचा गाडला. दिवाळीनंतर आठवड्याभरानं, सकाळी दाढी करता करता ते आरशासमोरच खाली बसले. दवाखान्यात न्यायच्या आधीच संपलं होतं. भुईमुगाला अडीच महिने उरले होते.

पुण्यानुमोदनाला कारखान्यातले त्यांचे जुने सोबती आले. सगळेच थोडे बहिरे. मंडपात हळू बोलायचं म्हणून ते जे बोलत होते ते रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं. कुणी त्यांच्या हातातल्या पान्याची गोष्ट सांगितली, कुणी एकदा मिल बंद पडली तेव्हा त्यांनी सलग तीन पाळ्या केल्याची. मी कोपऱ्यात बसून मनात एकच गोष्ट फिरवत होते. पहिल्या खेपेला मी उशीर केला आणि त्यांनी पेरलं. दुसऱ्या खेपेला मी थांबवलं आणि ते थांबले. माणसाच्या हाती दोनच उन्हाळे होते. एक माझ्या आळसानं गेला आणि एक माझ्या शहाणपणानं. आळसाबद्दल स्वतःला शिव्या देता येतात. शहाणपणाचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

जानेवारीत आई म्हणाली, "बी आण." मी म्हणाले, राहू दे, कुणाला तरी वाट्यानं देऊ, तुझ्यानं होणार नाही. ती म्हणाली, "त्यांनी दोन वर्सं रान सजवलंय. आता त्यात दुसरं कायतरी पेरू व्हय?" यासीनभाईंनी वाट्यानं करायचं कबूल केलं. मी नमुना तपासला. आकडे चांगले आले. ते पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मी खुर्चीत बसून राहिले आणि सहकारी मुलीनं विचारलं, "मॅडम, मशिन बिघडलंय का?"

तो भुईमूग हिरवा आला. पानांचा तो गडद, शांत हिरवा मी महिनाभर दर रविवारी जाऊन बघत होते. आऱ्या सुटल्या तेव्हा आम्ही झाडांच्या बुडाशी जिप्सम दिलं. मी वाफ्यात गुडघ्यावर बसून एका आरीचं टोक मातीत शिरताना बघत राहिले. माती भुसभुशीत होती, बोटानं सहज उकरत होती. खपली कुठं नव्हती. दोन पावसाळे ज्यानं ती भिजवली, कुजवली, उपसली, त्याला ती शेवटी कशी लागली असती बोटांना, हाच विचार येत राहिला.

मागच्या मे महिन्यात काढणी झाली. सकाळी लवकर सुरू केलं होतं. आई बांधावरच्या बाभळीखाली शेंगा तोडत बसली होती. मी आणि यासीनभाई झाडं उपटून त्यांचे ढीग घालत होतो. झाड उपटलं की मुळांभोवती शेंगांचा घोस, माती झटकली की खुळखुळणारा. यासीनभाईंनी एक शेंग फोडली. तीन दाणे, टम्म. त्यांनी ते माझ्यासमोर तळहातावर धरले.

"आबांना बघायला पायजे व्हतं," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"लई सोसलं बघा त्यांनी, त्या चुन्याच्या वर्साला." ते पुन्हा उपटायला लागले. "गावात लोक गप बसत्यात व्हय? पारावर इचारायचे, आबा, लेक तर मातीच तपासती की, मग रान कसं जळालं? लेकीनं सांगितलं न्हाय का?"

माझे हात थांबले. हे मला माहीत नव्हतं. "मग? आबा काय म्हणायचे?"

"काय म्हणणार. कबूल करायचे. म्हणायचे, तिनं येळेवर सांगितलं व्हतं. चुना टाकू नका म्हणून दोनदा फोन केला व्हता. म्याच ऐकलं न्हाय. म्हातारपणी माणूस हट्टी व्हतं, असं म्हणून हसायचे. पोरं चेष्टा करायची, आबा आले की म्हणायची, आला चुनेवाला. ते बी ऐकून घ्यायचे." यासीनभाई थांबले, घाम पुसला. "तुमच्यावर त्यांनी कधी बोट येऊ दिलं न्हाय, ताई. म्हणायचे, माझी नंदा कामात चोख हाय."

ऊन चढत होतं. बाभळीखालून शेंगा तोडल्याचा टक टक आवाज येत होता. मी हातातलं झाड खाली ठेवलं.

"यासीनभाई," मी म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्यांनी माती आणून दिली होती. महिनाभर माझ्या घरात पडून होती. मी तपासली नाही. फोन मी केले नव्हते, त्यांनी केले होते. मी म्हणाले, पेरा. चुना टाकू नका असं मी कधीच म्हणाले नाही."

हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते. आबांना सांगितलं नव्हतं, आईला नाही, नवऱ्याला नाही. त्यासाठी मोठ्यानं बोलावं लागलं नाही. यासीनभाईंचे कान चांगले आहेत.

त्यांनी रागवावं असं मला वाटत होतं. निदान तोंड फिरवून पुढच्या ओळीकडे जावं. ते तिथंच बसले, एक ढेकूळ उचललं आणि बोटांत चुरत राहिले.

"मग आबा खोटं बोलत व्हते म्हणायचं," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"इतकी वर्सं मी त्यांना वळखतो. खोटं बोलताना कधी ऐकलं न्हवतं." त्यांनी ढेकळाची माती हातावरून झटकली. मग बाभळीकडे एक नजर टाकली, आई ऐकत नाही ना याची खात्री करावी तशी. "ताई, मला सांगितलंत ते सांगितलंत. गावात नका सांगू."

"का?"

"त्यांनी एवढं हसू करून घेतलं, ते कशापायी? तुमी आता खरं सांगाल, तुमचं मन हलकं व्हईल. पर त्यांनी राखलेलं जाईल की."

यासीनभाई उठले आणि उरलेल्या ओळीला लागले. थोड्या वेळानं मीही लागले. दुपारपर्यंत आम्ही रान मोकळं केलं.

गावात मी कुणाला सांगितलेलं नाही. पारावरून जाताना अजून कधीतरी कुणी म्हणतं, ताईंचं ऐकलं असतं तर आबांचं ते पीक वाया गेलं नसतं. मी ऐकते, आणि स्कूटर पुढे नेते.